वरच्या रेटिंगसमोरचा अर्धा गुण

खुल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या पहिल्या फेरीचं पेअरिंग लागलं की निम्म्या सभागृहाच्या वाट्याला आपल्यापेक्षा बराच वरचा प्रतिस्पर्धी आलेला असतो. स्विस पद्धतीची रचनाच तशी आहे. रेटिंगप्रमाणे यादी लावायची, तिचे मधोमध दोन भाग करायचे आणि वरच्या भागातल्या पहिल्यासमोर खालच्या भागातला पहिला बसवायचा. 100 खेळाडू असतील तर पहिल्या क्रमांकाला 51वा मिळतो, दुसऱ्याला 52वा. म्हणजे दोनशे-तीनशे गुणांचा फरक असलेले डाव प्रत्येक स्पर्धेत खेळावे लागणारच. तरीही आपण ओपनिंगची तयारी करतो, कोडी सोडवतो, आणि या विषम डावांसाठी वेगळी तयारी मात्र क्वचितच करतो. पेअरिंगचा कागद पाहून चेहरा उतरलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस, ड्रॉ काढ’ एवढंच सांगून आत पाठवलं जातं. हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी त्याने मुलाचं नुकसान होतं. ते कसं होतं आणि त्याऐवजी काय करायचं, ते इथे सांगायचं आहे.

आधी आकडे पाहू, कारण भीतीचा मोठा भाग आकड्यांमुळेच वाटतो. आज जगभर वापरली जाणारी रेटिंगची पद्धत अर्पाद एलो यांची. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने ती 1970 मध्ये स्वीकारली. या पद्धतीत दोन खेळाडूंमध्ये 200 गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून सरासरी 0.76 गुणांची अपेक्षा असते, खालच्याकडून 0.24 ची. फरक 300 झाला की ही अपेक्षा 0.85 आणि 0.15 होते. यात विजय आणि बरोबरी दोन्ही धरलेल्या असतात. आता 18 वर्षांखालच्या, 2300 च्या आतल्या मुलाचा विचार करा. त्याचा के-गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलू शकतं ते ठरवणारा आकडा, 40 असतो. 300 गुणांनी वरच्या खेळाडूशी तो हरला तर 6 गुण जातात, बरोबरी केली तर 14 मिळतात, जिंकला तर 34. ज्या मोठ्या खेळाडूंचा गुणक 20 आहे त्यांच्यासाठी हेच आकडे 3, 7 आणि 17. हरण्याने जाणारं इतकं थोडं असताना सगळा डाव न हरण्यासाठी खेळणं हा हिशेब मला तरी कधी पटलेला नाही.

‘ड्रॉ काढायचा’ असं मनाशी ठरवून बसलेला खेळाडू काय करतो, ते कुठल्याही स्पर्धेत पाहता येतं. तो दिसेल त्या मोहऱ्याची मारामारी करतो. वजीर गेला की सुटकेचा श्वास टाकतो. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना फ्रेंच बचाव समोर आला तर आठवडाभर तयार केलेली पद्धत सोडून एक्स्चेंज व्हेरिएशन खेळतो, कारण त्यात प्यादी सममित होतात आणि डाव ‘शांत’ दिसतो. त्याचा समज असा की पटावर जितकी कमी मोहरी, तितका धोका कमी. प्रत्यक्षात उलटं घडतं. वरच्या रेटिंगचा खेळाडू गुंतागुंतीच्या स्थितीत कधीमधी चुकतो. साध्या स्थितीत सहसा चुकत नाही. चार मोहरी उरलेल्या डावात राजा एक घर पुढे आहे की मागे, प्यादे चौथ्या ओळीत आहे की पाचव्या, यावर सगळं अवलंबून असतं, आणि नेमकं तेच ज्ञान तीनशे गुणांच्या फरकात साठलेलं असतं. भरल्या पटावर तुमची किंचित चुकीची चाल पचून जाते. रिकाम्या पटावर ती पचत नाही.

हे नवख्यांपुरतंच आहे असं समजू नका. 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीचा चौदावा डाव झाला. गुण 6.5–6.5 असे बरोबरीत होते. रेटिंगने आव्हानवीर गुकेशपेक्षा पन्नासेक गुण मागे असलेला, पण जगज्जेता असलेला डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. डाव बरोबरीत सुटला असता तर लढत टायब्रेकला गेली असती. पांढरी मोहरी हातात असूनही डिंगने डाव सोपा करत नेला, इतका की शेवटी हत्ती आणि उंटाच्या अंतिम टप्प्यात तो एक प्यादे कमी घेऊन बचाव करत होता. प्यादी सगळी एकाच बाजूला होती, अशी स्थिती सहसा राखता येते, त्यामुळे पाहणारे बरोबरी धरून चालले होते. गुकेशने मात्र खेळणं थांबवलं नाही. 55व्या चालीत डिंगने हत्ती एफ2 वर आणून हत्तीची मारामारी देऊ केली. आणखी एक मोहरं कमी, आणखी थोडी शांतता, असा तो विचार असावा. पण त्याचा उंट ए8 च्या कोपऱ्यात होता. हत्ती मारले गेल्यावर गुकेशने आपला उंट डी5 वर आणला आणि उंटांची मारामारी टाळता येणं अशक्य झालं. उरला तो फक्त राजा-प्याद्यांचा डाव, आणि तो हरलेला होता. तीन चालींत सगळं संपलं. गुकेश 7.5–6.5 ने जिंकून 18व्या वर्षी जगज्जेता झाला.

या डावातून शिकायची सवय एकच आहे आणि ती प्रत्येकाने अंगवळणी पाडावी: शेवटची मोठी मोहरी मारामारीत देण्याआधी प्याद्यांचा डाव अखेरपर्यंत मोजायचा. ‘बहुधा बरोबरी असेल’ हे उत्तर तिथे चालत नाही. राजा-प्याद्यांच्या डावात एका चालीच्या फरकाने बरोबरीचा डाव हरलेला ठरतो. मोजता येत नसेल तर हत्ती पटावर ठेवा. एक प्यादे कमी असतानाही हत्तीच्या डावात बचावाला जागा असते, मागून शह देता येतात, प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पुन्हा निर्णय घ्यायला लावता येतं. एरवीच्या मारामारीतही विचारायचा प्रश्न ‘काय गेलं’ हा नसावा. ‘काय उरलं’ हा असावा. तुमचा चांगला घोडा देऊन त्याचा कोंडलेला उंट तुम्हीच मोकळा करून देत असाल तर मोहरी कमी होऊनही तुमचा त्रास वाढतो.

म्हणून ओपनिंग नेहमीचंच खेळा. घाबरून सपक काही निवडू नका आणि उसन्या अवसानाने कधी न खेळलेलं गँबिटही निवडू नका. ज्या स्थितीत तुम्हाला घोडा कुठे जातो, कुठलं प्यादे केव्हा पुढे सरकवायचं हे माहीत आहे, तिथे तुमचं रेटिंग कागदावरच्यापेक्षा जास्त असतं. वेळेचंही तसंच. 90 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद, या वेळेत अनेक मुलं वरच्या खेळाडूच्या वेगाने खेळायला लागतात. त्याने झटकन चाल केली की आपणही झटकन. त्याला ती स्थिती ओळखीची आहे, तुम्हाला नाही; म्हणून तुम्ही थांबून विचार करणं हेच योग्य. ओपनिंगमधली माहिती संपते तिथून पुढच्या दहा चालींसाठी वेळ राखून ठेवा. विषम डाव बहुधा तिथेच हातातून जातात.

आता अंतिम टप्प्यातल्या त्या मोजक्या स्थिती, ज्या येत नसतील तर वरच्या खेळाडूशी चार तास झुंजूनही हाती काही लागत नाही. सगळ्यांत महत्त्वाची फिलिडोरची. फ्रान्सच्या फिलिडोरने अठराव्या शतकात दाखवलेली ही पद्धत हत्ती आणि प्याद्याविरुद्ध एकट्या हत्तीने कसं वाचायचं ते शिकवते. तुमचा राजा प्याद्याच्या पुढे, ते जिथे वजीर होणार त्या घराजवळ हवा. प्रतिस्पर्ध्याचा राजा आणि प्यादे अजून तुमच्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या ओळीत आलेले नसतील तर हत्ती त्या ओळीत आडवा ठेवायचा आणि तिथेच डावी-उजवीकडे फिरवत राहायचा. त्यामुळे शत्रूचा राजा पुढे येऊ शकत नाही. मार्ग काढायला तो प्यादे त्या ओळीत ढकलतो, आणि तेच तुमचं निशाण. आता हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादे पुढे सरकलेलं असल्यामुळे त्याच्या राजाला आडोसाच उरत नाही. ही पद्धत वाचून येत नाही. पटावर मांडून, मित्राला समोर बसवून, घड्याळ लावून खेळली तरच येते.

दुसरी, कडेच्या प्याद्याची. प्रतिस्पर्ध्याकडे उंट आणि ए किंवा एच पट्टीतलं प्यादे आहे, पण प्यादे ज्या कोपऱ्यात वजीर होणार ते घर त्या उंटाच्या रंगाचं नाही. तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला की त्याला तिथून कोणी हुसकावू शकत नाही. जबरदस्ती केली तर स्टेलमेट होतो. एक संपूर्ण उंट आणि एक प्यादे कमी असूनही अर्धा गुण! हे माहीत असलेला खेळाडू दहा चाली आधीपासून प्रतिस्पर्ध्याची बाकीची प्यादी मारून टाकायला लागतो आणि एकटा राजा कोपऱ्याकडे पळवतो. तिसरी, वेगवेगळ्या रंगांच्या उंटांची, जिथे एखादं, कधी दोन प्यादी कमी असूनही पुढच्या घरांवर नाकेबंदी करता येते. चौथी, वजिराविरुद्ध सातव्या ओळीतल्या प्याद्याची: प्यादे हत्तीच्या किंवा उंटाच्या पट्टीत असेल आणि वजीरवाल्याचा राजा दूर असेल तर बरोबरी. यापलीकडे खूप आहे, पण एवढं पक्कं असलेली मुलं मला फार थोडी दिसतात.

स्थिती हरलेली असेल तेव्हाही शोध थांबवू नका. 1963-64 च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हान्स सॅम्युएल रेशेव्स्कीविरुद्ध सरळसरळ हरत होता. स्वतःच्या राजाला आणि प्याद्यांना हलायला जागा नाही हे त्याने हेरलं, आणि रेशेव्स्कीने घाईने एक प्यादे मारताच त्याने आधी वजीर फुकट दिला, मग हत्ती फुकट देऊ केला. तो हत्ती मारला तर स्टेलमेट, न मारला तर शह संपत नाहीत. डाव बरोबरीत सुटला. असा प्रसंग शंभर डावांत एकदा येईल, पण तो ओळखण्यासाठी रोज एक प्रश्न विचारावा लागतो: माझी वजीर-हत्ती ही मोहरी पटावरून नाहीशी झाली तर माझ्याकडे एखादी वैध चाल उरते का?

बरोबरीचा प्रस्ताव कसा द्यायचा, यावर आपल्याकडे फार गोंधळ आहे. फिडेच्या नियमांत क्रम स्पष्ट आहे: आधी पटावर चाल करायची, मग प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. प्रस्ताव दिला की स्कोअरशीटवर त्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह लिहायचं. दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. समोरचा तोंडी नाकारेपर्यंत किंवा चालीसाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो जिवंत राहतो. पुन्हा पुन्हा विचारत राहणं हे प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्यात मोडतं आणि पंच त्यासाठी शिक्षा करू शकतात. काही स्पर्धांत ठरावीक चालींआधी प्रस्तावच देता येत नाही, म्हणून पहिल्या फेरीआधी स्पर्धेचं नियमपत्रक वाचा. खालच्या रेटिंगच्या खेळाडूने प्रस्ताव देऊ नये असा नियम कुठेही नाही, तो केवळ रिवाज आहे. तरी माझं सांगणं असं की तुमची स्थिती बरोबरीची आहे एवढ्यावर विचारू नका. प्रतिस्पर्ध्यालाही तीच पटावर स्पष्ट दिसत असेल आणि पुढे काही करण्यासारखं त्याच्याकडे नसेल, तेव्हा एकदाच, शांतपणे विचारा. त्याआधी विचारलं तर त्याला एवढंच कळतं की तुम्ही घाबरला आहात, आणि मग तो पन्नास चाली जास्त खेळतो.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर कोणाची परवानगी लागत नाही, पण पद्धत नीट पाळावी लागते. तुमच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर करायची नाही. ती स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं आणि दावा सांगायचा. मोहऱ्याला हात लावलात की त्या चालीपुरता हक्क गेला. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, डाव पुढे चालू राहतो. पन्नास चालींच्या नियमालाही हीच रीत. पाच वेळा स्थिती आली किंवा 75 चाली प्यादे न हलवता, काही न मारता झाल्या तर मात्र डाव आपोआप बरोबरीत संपतो. या सगळ्याला पुरावा स्कोअरशीटचा, त्यामुळे वेळेच्या गडबडीतही वाचता येईल असं लिहा.

कधी उलटंही घडतं: वरचा खेळाडूच हात पुढे करतो. त्या क्षणी आनंदाने हात मिळवू नका. तीनशे गुण वरच्या माणसाला बरोबरी नको असते. तो ती देत असेल तर त्याला पटावर काहीतरी आवडलेलं नाही. तुमच्या घड्याळात वेळ आहे, पाच मिनिटं बसा आणि ते ‘काहीतरी’ शोधा. मार्च 2004 मध्ये रेक्याविकच्या रॅपिड स्पर्धेत 13 वर्षांचा, अजून ग्रँडमास्टरही न झालेला मॅग्नस कार्लसन गॅरी कास्पारोव्हसमोर बसला होता. कास्पारोव्ह त्या वेळी रेटिंगने जगात पहिला होता आणि दोघांत तीनशेहून जास्त गुणांचं अंतर होतं. डाव बरोबरीत सुटला आणि ती बातमी जगभर गेली. पण तो डाव मांडून पाहाल तर मुलगा कुठेही लपलेला दिसत नाही. अंतिम टप्प्यात विजयाची संधी त्याच्याकडेच होती आणि बचाव कास्पारोव्ह करत होता. अर्धा गुण मिळाला तो जिंकायला खेळल्यामुळे.

तुम्ही स्वतः वरच्या रेटिंगचे असाल तर तुमच्यासाठीही दोन गोष्टी. पहिली, बरोबरी नाकारायची असेल तर स्थिती बघून नाकारा, समोरच्याचं रेटिंग बघून नको. त्याच सिंगापूरच्या लढतीत सहाव्या डावात डिंगने चालींची पुनरावृत्ती सुरू केली तेव्हा गुकेशची स्थिती किंचित कमकुवत होती, तरी त्याने पुनरावृत्ती मोडली. डाव शेवटी बरोबरीतच सुटला. तो धोका त्याने स्वतःची स्थिती सांभाळता येईल हे मोजून घेतला होता, असं मी मानतो. आपल्या स्पर्धांत मात्र ‘याच्याशी ड्रॉ कसा करू’ या चिडीने चांगल्या खेळाडूंनी बरोबरीचे डाव हरलेले पुष्कळदा पाहायला मिळतात. दुसरी गोष्ट, अर्धा गुण गेल्याने स्पर्धा जात नाही. डिसेंबर 2015 मध्ये कतार मास्टर्सच्या पहिल्याच फेरीत जगज्जेत्या कार्लसनला जॉर्जियाच्या निनो बात्सियाशविलीने बरोबरीत रोखलं. दोघांत तीनशेहून अधिक गुणांचा फरक होता. कार्लसनने शेवटी ती स्पर्धा टायब्रेकमध्ये यू यांगयीला हरवून जिंकली.

डाव संपल्यावर लगेच मोबाइल उघडून इंजिनला विचारू नका. प्रतिस्पर्धी तयार असेल तर त्याच्यासोबत बाहेरच्या पटावर डाव पुन्हा मांडा. त्याला नम्रपणे विचारा, ‘सर, इथे तुम्हाला कशाची भीती वाटत होती?’ वरच्या खेळाडूने कुठल्या चाली विचारात घेतल्या आणि कुठल्या लगेच टाकून दिल्या, हे ज्ञान कुठलंही इंजिन देत नाही. तो मिळालेला अर्धा तास त्या 14 रेटिंग गुणांहून मोलाचा आहे. घरी गेल्यावर स्वतःच्या अक्षरात टिपणं करा आणि मगच इंजिन लावा. पालकांनी त्या रात्री ‘जिंकला असतास ना’ असं म्हणू नये, आणि ‘एवढ्या मोठ्याशी ड्रॉ केलास’ म्हणून नातेवाइकांना फोनही लावत बसू नये. मुलाला दोन्हींचा भार होतो आणि सकाळी पुढची फेरी असते.

त्या पुढच्या फेरीबद्दल एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या फेरीत बरोबरी केलेल्या गटात तुमच्यासारखे खालचे खेळाडू असतात, तसेच त्यांनी रोखलेले वरचेही असतात. गटाचे पुन्हा दोन भाग होतात, त्यामुळे बरोबरीनंतर बहुधा आणखी एक तगडा प्रतिस्पर्धी मिळतो. कालच्या यशावर विसावलेला खेळाडू तिथे वीस चालींत हरतो. रेक्याविकमध्ये दुसरा डाव कास्पारोव्हने जिंकला आणि कार्लसन स्पर्धेबाहेर गेला. उलट उदाहरण आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं आहे. जुलै 2025 मध्ये बाटुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत सुमारे 80 गुणांनी वर असलेल्या कोनेरू हंपीशी तिने दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सोडवले, रॅपिडचा पहिला डावही बरोबरीत गेला, आणि लगेच पुढच्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून ती जिंकली. विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताबही तिला मिळाला. तेव्हा बरोबरी झाल्यावर जेवा, नीट झोपा, आणि सकाळी पेअरिंग लागल्यावर नवीन प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग बघण्याआधी आपल्याला कुठली मोहरी आली आहेत ते बघून त्या रंगाची तयारी उघडा.